माणशी अठराशे

“माणशी अठराशे,” मॅडम म्हणाल्या. “रिपोर्ट दोन तासांत मिळेल. जहाज संध्याकाळी सुटतंय, त्यामुळे आत्ताच काय ते ठरवा.”

ज्ञानूमामानं मास्क हनुवटीवर ओढला. “कुणाचं अठराशे?”

“तुमचे, काका. प्रत्येकाचे.”

“आमची तपासणी झालीया की. विट्याच्या सरकारी दवाखान्यात. फुकाट.”

“ते रिपोर्ट अठ्ठेचाळीस तासांच्या आतले लागतात. जहाजाची तारीख एक दिवस पुढं गेली, तेव्हा मी मेसेज टाकला होता तुम्हाला.”

मेसेज आला होता. इंग्रजीत होता. मामानं तो मला दाखवला नव्हता, कारण मेसेजच्या खाली फुलांचं चित्र होतं आणि त्याला वाटलं, लग्नाचं आमंत्रण आहे.

मुंबईच्या धक्क्यावर आम्ही सातजण लाल कोट घालून उभे होतो. कोटांवर सोनेरी झालर, पायात पांढरे बूट, आणि बुटांना धुणी धुवायच्या पावडरीचा वास. नवजीवन ब्रास बँड. मामा मास्तर, तो क्लॅरिनेट वाजवायचा. मी ट्रम्पेट. शब्बीरकडं ढोल. हणमंत सॅक्सोफोनवाला मामाच्या वयाचा, त्याच्याच बरोबरीनं बँडमध्ये आलेला. बाकी तिघं आजूबाजूच्या गावांतली पोरं. दीड वर्षात एकही लग्न वाजवलं नव्हतं. मी त्या दीड वर्षात पोल्ट्रीत कोंबड्यांची विष्ठा उपसली. शब्बीरनं भाजी विकली. मामा रोज सकाळी क्लॅरिनेटला तेल लावून पुसायचा आणि परत पेटीत ठेवायचा.

सुपारी आली ती आमच्याच गावच्या जयसिंगशेठची. आमच्या भागातली बरीच माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर गेली. शेठ कोचीनला गेला, आणि परत आला तो चारचाकी गाड्यांच्या रांगेतूनच. त्याच्या पोरीचं लग्न जहाजावर ठरलं. मुंबईहून निघायचं, समुद्रात लग्न लावायचं आणि परत यायचं. सगळी व्यवस्था बघायला ह्या क्षितिजा मॅडम नेमल्या होत्या. पण सुपारी द्यायला शेठ स्वतः आमच्या आळीत आला होता. गाडीतून उतरला नाही, काच खाली केली. म्हणाला, “ज्ञानू, पोरीच्या लग्नात वाजंत्री आपल्या गावचंच पाहिजे. तुला जहाजात नेतो बघ.”

मामानं त्या दिवशी दोन वेळा दाढी केली.

आता अठराशेची चूक कुठं झाली ते सांगतो. बँडच्या धंद्यात बोलणी ठरलेली असतात. गाडीभाडं आणि जेवण लग्नघराकडं. बाकी इस्त्री, बूट, क्लॅरिनेटची पत्ती, ढोलाचं कातडं, आजारी माणसाच्या जागी दुसरा आणायचा असेल तर तो, हे सगळं पार्टीकडं. पार्टी म्हणजे आम्ही. तीस वर्षं मामा प्रत्येक सुपारीला एकच वाक्य बोलत आला होता, “गाडी न् जेवान तुमचं, पार्टीचा खर्च पार्टीचा.” मॅडमशी फोनवर बोलतानाही तो तेच बोलला. मॅडमनी विचारलं होतं, “म्हणजे तुमच्या लोकांचा बाकी सगळा खर्च तुमच्याकडे ना?” मामा म्हणाला होता, “तर. पार्टीचा खर्च पार्टीचा.” त्याच्या डोळ्यांपुढं इस्त्री होती.

“पाव्हण्यांचं पण अठराशे?” शब्बीरनं विचारलं.

“गेस्टच्या टेस्ट शेठच्या खर्चानं आहेत.”

“म्हंजी पैसंवाल्याला फुकाट,” शब्बीर म्हणाला. “बराय की.”

मॅडम चिडल्या नाहीत. पंचविशीची पोरगी, सकाळपासून उन्हात उभी. त्यांनी हातातला कागदाचा पुठ्ठा काखेत धरला आणि मामाला जरा बाजूला घेतलं. मी मागोमाग गेलो.

“काका, मी एक मार्ग सांगते. तुम्ही वर येऊच नका. पाचला नवरी येईल. तुम्ही इथं खाली, धक्क्यावर, शिडीच्या तोंडाशी अर्धा तास वाजवा. तसंही आतमध्ये डीजे आहे. टेस्टची गरज नाही, आणि तुमचे पैसे मी पूर्ण देते. आजच. रात्रीच्या गाडीनं गावी जा.”

मी मनात म्हणालो, देव भेटला. अर्धा तास वाजवायचं आणि पूर्ण पैसे. वर समुद्रात दोन दिवस ओकायची भानगड नाही.

मामा म्हणाला, “न्हाई.”

“का?”

“जहाजात वाजवायचं ठरलंय.”

“पण काका, पैसे तेवढेच…”

“तुमी अठराशेवाल्याला सांगून ठिवा. आमी येतुया.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. त्या गेल्या.

बाकीच्यांना जाऊन सांगितलं तेव्हा पहिलं कोण बोललं ते आठवत नाही, सगळे एकदमच बोलले.

“मास्तर, डोकं फिरलं काय?” शब्बीर म्हणाला. “बाई सोताहून पैसं देतीया आन तुमी म्हंता नको.”

“पैसं नको म्हनालो न्हाई. खालून नको म्हनालो.”

“खालून काय आन वरून काय, सूर त्योच न्हवं?”

हणमंत तेवढा बाजूला होता. तो एका लोखंडी खुंटावर बसून बूट काढून पायाची बोटं चोळत होता.

मी मामाला म्हणालो, “सातजणांचं किती हुत्यात काढ की. कुठनं देणार?”

“माझा वाटा घाला.”

“त्यात भागत न्हाई.”

“वाद्यांचा पण घाला.”

आमच्यात आलेल्या पैशांचे वाटे पडतात. प्रत्येकाला एक. मास्तराला दोन, त्यातला एक त्याचा आणि एक वाद्यांचा. वाद्यांच्या वाट्यातून दुरुस्त्या होतात. माझ्या ट्रम्पेटचा मधला व्हॉल्व्ह दीड वर्ष गळत होता. मी त्याला दोरा गुंडाळून वाजवत होतो. या सुपारीच्या वाद्यांच्या वाट्यातून मिरजेला नेऊन तो नीट करायचा, असं मामानंच कबूल केलं होतं.

“आन माझा व्हॉल्व्ह?” मी म्हणालो.

“दोरा चांगला बसलाय की त्यो.”

“मामा, दीड वर्षानं काम आलंय. मामी घरात वाट बघतीया. तू रिकाम्या हातानं जाणार?”

“व्हय.”

“कशापायी? जहाज बघायचंय तुला? हितनं दिसतंय की. बघ. केवढं हाय.”

मामानं खरंच बघितलं. धक्क्याला लागून पांढरी भिंत उभी असावी तसं ते होतं, खिडक्याच खिडक्या. त्यानं ते वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, “ज्याला यायचं न्हाई त्यानं जावावं. वाटा मिळंल.”

कुणीच गेलं नाही. बँडमध्ये मास्तरला सोडून जात नाहीत. शिव्या देतात, पण जात नाहीत.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. मामाच्या खिशातला फोन काढून घेतला आणि सरळ शेठला लावला. म्हटलं, आपल्याच गावचा माणूस आहे, अठराशे म्हणजे त्याच्या सिगारेटी. फोन मामाच्या कानाला लावला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

“बोल ज्ञानू. पोचलासा?”

“पोचलो शेठ. ती तपासणीचं जरा…”

“मॅडम म्हणाली मला. आरं मग खालीच वाजव की. काय बिघडलं? नवरी खालनंच येणार हाय.”

“तुमी म्हनाला हुता जहाजात…”

“म्हणालो असंल रं. आता ह्या रोगानं सगळंच उलटं झालंय. तू पैशाची काळजी करू नको, पैसं पूर्ण मिळतील.”

“तपासणी करून वर आलो तर चालंल का?”

शेठ म्हणाला, “तुझी मर्जी. तुझाच खर्च हाय.”

मामानं फोन माझ्या हातात दिला. “चालंल म्हनला,” तो म्हणाला.

तपासणी एका मोठ्या पांढऱ्या तंबूत होती. जमिनीवर पिवळे गोल काढले होते. एका गोलात एक माणूस. आमच्या पुढं शेठचे दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका, एक कोचीनचा व्यापारी, त्याच्या पुढं नवऱ्याकडचे कोण कोण. आणि त्याच रांगेत त्यांच्या मागं आम्ही लाल कोटवाले. ज्यांना गावात आम्ही रामराम घातला की मान हलवायची का नाही याचा विचार करतात, ते आमच्या पुढं आपापल्या गोलात निमूट उभे होते. पंख्याचं वारं कुणालाच लागत नव्हतं.

शेठची आई, आक्का, तेवढी रांगेत नव्हती. ऐंशीच्या पुढची बाई, चाकाच्या खुर्चीत. खुर्ची तंबूच्या कडेनं सरळ पुढं गेली. ढकलणारा ड्रायव्हर आमच्याच गावचा. शब्बीरनं त्याला हटकलं, “आक्कांचं नाक न्हाई व्हय तपासायचं?”

“आक्कांचा कागूद घरनंच आलाय,” ड्रायव्हर म्हणाला. “परक्याचा हात लागलेला त्यांस्नी चालत न्हाई. शेठनी वळखीच्या डाक्टरकडनं लिवून घेतलं.”

“आसं बी मिळतंय?”

“तुला न्हाई मिळत,” ड्रायव्हर म्हणाला आणि गेला.

हणमंताचा नंबर आला तेव्हा त्यानं काडी बघून डोळे मिटले. काडी आत गेली आणि तो असा शिंकला की काडीवाला पोरगा एक पाऊल मागं सरला.

“मेंदूला हात लावून आली गड्या,” हणमंत म्हणाला.

“मंग मोकळीच आली असंल,” शब्बीर म्हणाला.

मामानं टोपी काढून काखेत धरली, देवळात धरतात तशी. पोरग्यानं नाव विचारलं. वय विचारलं. ताप, खोकला, घसा विचारला. जेवणाला चव लागते का, वास येतो का, विचारलं. मामानं प्रत्येक उत्तर उभं राहून दिलं. पोरगं म्हणालं, “बसा काका, बसून द्या.” मग त्यानं मामाची हनुवटी हातमोज्यात धरून मान मागं केली. आमच्या पुढच्या पाहुण्यांची जशी केली होती तशीच.

तंबूबाहेर दोन तास बसलो. मला वाटत होतं, एक जरी निघाला तर सगळेच गेलो. आठ दिवस एका खोलीत दार लावून सराव केला होता, कारण दीड वर्षात ओठ मऊ पडले होते आणि उघड्यावर वाजवलं असतं तर गाव हसलं असतं. एकाला असेल तर सातांना असणारच. मग अठराशे गेले, वर धक्क्यावरचे पैसेही गेले. मी हे मामाला सांगितलं. तो क्लॅरिनेटची पत्ती ओली करत बसला होता.

“निघायचं न्हाई,” तो म्हणाला.

“तुला काय ठावं?”

“आपल्यात काय न्हाई.”

रिपोर्ट फोनवर आले. मामा काडीवाल्या पोरग्याकडं परत गेला आणि कागदावर छापून मागितलं. पोरगं म्हणालं, फोनवरचं चालतं. मामा हलला नाही. शेवटी त्यानं छापून दिलं. मामानं तो कागद माझ्यापुढं धरला.

“वाच.”

“ज्ञानू बापू देवकुळे. पुरुष. वय एकोणसाठ. निगेटिव्ह.”

“म्हंजी?”

“म्हंजी सापडलं न्हाई.”

“काय सापडलं न्हाई?”

“इषाणू. रोग. तुझ्यात काय न्हाई, असं लिवलंय.”

“तसंच लिवलंय?”

“तसंच.”

“शिक्का कुणाचा हाय?”

“लॅबचा. खाली डाक्टरची सही हाय.”

त्यानं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. सातही जणांचे तसेच आले होते. अठराशे गुणिले सात मामानं इसाराच्या पैशांतून तिथंच मोजून दिले. मॅडमनी पावती दिली आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही फार हट्टी आहात.”

“व्हय,” मामा म्हणाला.

पाचला नवरी आली. आम्ही शिडीच्या तोंडाशी उभे राहिलो. मॅडमनी सांगितलं, मास्क लावूनच वाजवायचं. शब्बीर म्हणाला, “मास्तर, मास्काला भोक पाडू का पिपाणीच्या मापाचं?” मॅडमना हसू आलं, मग म्हणाल्या, “बरं, वाजवताना काढा.”

बँडचा मास्तर नवरीपुढं चालतो तो पाठमोरा नाही. तोंड नवरीकडं आणि पावलं मागं. रस्ता कसा आहे ते बघायचं नसतं, पायांना ठाऊक असावं लागतं. मामा तसाच ती लोखंडी शिडी चढला. उताराची, खाली पाणी, दोन्ही बाजूंना दोरखंड. क्लॅरिनेट तोंडात, नजर नवरीवर, आणि एकेक पाऊल मागं. जहाजाचे गोरे-काळे खलाशी कठड्यावरून वाकून बघत होते. एकजण त्याला धरायला पुढं आला. मामानं मान हलवून नको म्हटलं. एकही सूर घसरला नाही. माझा घसरला, व्हॉल्व्हमुळं.

वर पोचलो. नवरी आत निघाली. दार काचेचं होतं, आपोआप उघडायचं. मामा तिच्या पुढं उलटा चालत त्या दारातून आत जाणार, तेवढ्यात जहाजाचा पांढऱ्या कपड्यातला एक अधिकारी हात आडवा करून उभा राहिला. मॅडम धावत आल्या.

“काका, आत फुंकायची वाद्यं चालत नाहीत. थुंकी उडते ना. नवीन नियम आहे. ढोल चालेल. बाकीच्यांनी इथं बाहेर, उघड्यावर वाजवा.”

शब्बीर ढोल घेऊन आत गेला. एकट्यानं दोन मिनिटं बडवला आणि परत आला. म्हणाला, “आत लई गार हाय.”

आम्ही बाहेर उघड्यावर तासभर वाजवलं. जहाज सुटलं तेव्हा धक्का मागं सरकल्यासारखा वाटला. मुंबई दिवे लावून लांब गेली. मग मॅडमनी येऊन सांगितलं की आमचं काम झालं. आमची सोय तळमजल्यावर केली आहे, जेवणाची पार्सलं खोलीत ठेवली आहेत. उद्या लग्नाला डीजे आहे, तेव्हा आराम करा.

मी पेटी बंद करत होतो. मान वर केली तर मामा नव्हता. क्लॅरिनेटची पेटी होती.

“कुठं गेला?”

“आत,” हणमंत म्हणाला. “जेवायला.”

“पार्सल तर खाली हाय.”

हणमंत कठड्याला टेकून उभा होता. पाण्याकडं बघत म्हणाला, “तुला तुझ्या आईनं कधी सांगितलं न्हाई?”

“काय?”

“जयसिंगच्या लग्नाचं.”

आणि त्यानं सांगितलं. तेव्हा जयसिंग शेठ नव्हता. गावात लग्न होतं, मे महिना. मामा विशी-पंचविशीचा. दोघं चौथीपर्यंत एका वर्गात होते. मामा भिंतीपाशी पोत्यावर, जयसिंग बाकावर, पण वर्ग एक. नवरदेवाला वाजवत मांडवाच्या दारापर्यंत नेला. बँड दारापर्यंतच असतो. आत अक्षता पडेपर्यंत बाहेर उन्हात थांबायचं. मामा तिथं थांबला नाही. तहान लागली होती. तो आत गेला, पाण्याचं पिंप होतं त्यात पेला बुडवला आणि प्याला.

“आक्कांनी बघितलं,” हणमंत म्हणाला. “वरडल्या न्हाईत. नुसतं गड्याला म्हनाल्या, ते पिंप वतून दे. गड्यानं लाथंनं आडवं केलं. सगळं पाणी मातीत. पाव्हणं रांगेत उभं हुतं, पोरंसोरं तान्हेली. विहीर मैलभर लांब. त्येंनी शिव्या कुणाला दिल्या आसतील?”

“मामाला.”

“मांगानं पाणी बाटवलं म्हणून आमची पोरं तान्हेली ऱ्हायली. आसं बोलत हुते. जयसिंग बोहल्यावर हुता. त्यानं बघितलं आन खाली मान घातली. मग तुज्या मामानं सांजच्याला वरात वाजवली. त्येच नवरदेवाची.”

“वाजवली?”

“मंग. सुपारी घेतली हुती.”

मी काचेच्या दाराकडं गेलो. ते आपोआप उघडलं.

जेवणाचा हॉल मोठा होता. गोल टेबलं, पांढरी कापडं, वर झुंबरं. एकाआड एक खुर्चीवर लाल पट्टी लावली होती, तिथं बसायचं नाही अशी. एका टेबलाला चारच माणसं. मधल्या एका टेबलावर मामा बसला होता, एकटा. टोपी पुढ्यात काढून ठेवली होती. शेजारच्या टेबलावर आक्का, खुर्चीतच, आणि शेठच्या दोन भावजया. मॅडम मामाजवळ वाकून बोलत होत्या.

“काका, तुमचं पार्सल खाली गार होतंय.”

“हितं बरं हाय.”

“हा भाग गेस्टसाठी आहे.”

“लिवलंय का कुठं?”

“तसं नाही. पण प्रोटोकॉल असतो ना. इथं वयस्कर माणसं आहेत. टेस्ट झालेली माणसंच इथं…”

त्या मध्येच थांबल्या. त्यांच्याच लक्षात आलं असावं. मामानं खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि टेबलावर त्यांच्याकडं तोंड करून ठेवला.

“वाचा,” तो म्हणाला. “माझ्यात काय न्हाई. शिक्का हाय. अठराशे रुपयं दिल्यात.”

मॅडमनी कागद वाचला. खरंच वाचला, वरपासून खालपर्यंत. मग त्या सरळ उभ्या राहिल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पगारी पोरगी. पण त्यांनी मागं वळून शेठला खूण केली.

शेठ आला. सूट, गळ्यात फुलांचा हार, हातात मोबाईल. मी मामाच्या खुर्चीमागं उभा होतो.

“ज्ञानू,” तो हळू आवाजात म्हणाला, “खाली चांगली सोय केलीया की रं. मटण पाठवलंय.”

“हितं पण मटणच हाय,” मामा म्हणाला. “वास येतोय. मगाशी त्या पोरानं इचारलं वास येतो का, मी म्हनालो येतो.”

“माणसं बघाया लागल्यात.”

“बघू द्यात. शेठ, तुमच्या मॅडम म्हनाल्या, तपासणी झाल्याल्यानं हितं बसायचं. माझी झालीया. हा माजा भाचा, ह्याची झालीया. सातजणांची झालीया.” मग त्यानं शेजारच्या टेबलाकडं मान वळवली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. “आक्कांची झालीया का?”

त्या टेबलावर चमच्यांचा आवाज थांबला. शेठनं मामाकडं बघितलं. मग आक्कांकडं. मग हातातल्या मोबाईलकडं, जणू तो वाजला होता. तो वाजला नव्हता.

आक्कांना ऐकू कमी येत असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. त्यांनी मामाला ओळखलं होतं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या, न रागावता, न लाजता, जसं अंगणात शिरलेल्या ढोराकडं बघावं, की आता हे आपोआप जाईल. ते गेलं नाही. तेव्हा त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, “मला खोलीत ने.”

“आक्का, जेवण…” शेठ म्हणाला.

“भूक न्हाई.”

खुर्ची गेली. भावजया गेल्या. मग मागच्या टेबलावरचा एक चुलतभाऊ उठला आणि बायकोला म्हणाला, “तिकडं बसू, जरा अंतर ठेवलेलं बरं. दिवस वाईट आहेत.” त्याच्या पलीकडचे उठले. प्रत्येकजण उठताना रोगाचंच नाव घेत होता. नवऱ्याकडची माणसं दुसऱ्या जिल्ह्यातली, त्यांना कुणीतरी कानात सांगितलं, तीही उठली. पाच-सहा मिनिटांत आमच्या भोवतीची टेबलं रिकामी झाली. ताटं अर्धी तशीच.

शेठ तेवढा राहिला. मला वाटलं, तो बसेल. दोघं एका वर्गातले. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवलासुद्धा. मग म्हणाला, “जेव बाबा. जेव,” आणि तो हात काढून निघून गेला.

त्या लग्नानंतर आमच्या गावातून नवजीवन बँडला एकही सुपारी आली नाही. शेजारच्या गावांतल्याही कमी झाल्या. गावात बोलतात की ज्ञानू मास्तरानं शेठच्या लग्नात तमाशा केला. माझ्या व्हॉल्व्हला अजून दोरा आहे. अठराशे गुणिले सात हा हिशेब मी त्या रात्री लावून बघत होतो, आणि मामाच्या पाठीकडं बघून मला त्याचा रागच येत होता. तो का आला ते आता कळलं होतं, तरी राग येत होता. एवढ्यासाठी? एका खुर्चीसाठी?

मामानं मागं न बघता म्हटलं, “बस की.”

मी लाल पट्टी काढली आणि बसलो.

वेटर आला. कुठल्यातरी पूर्वेकडच्या डोंगरातला पोरगा, मराठी येत नव्हतं, आमच्याबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं मामाला वाकून विचारलं, “सर, व्हेज ऑर नॉनव्हेज?”

“काय म्हनतोय?” मामानं मला विचारलं.

“सर म्हनतोय.”

“त्येच्या म्होरं?”

“मटण का शाकाहारी.”

“मटण सांग. सगळ्यास्नी.”

मी हणमंताला फोन केला. काचेचं दार उघडलं आणि ते पाचजण लाल कोटात एकामागोमाग आत आले, शब्बीर सगळ्यात पुढं. हणमंत दारात जरा थांबला, मग आला. नियमाप्रमाणं आम्ही दोन टेबलांवर बसायला हवं होतं. एका टेबलाला चार, मध्ये रिकामी खुर्ची. आम्ही सगळ्या पट्ट्या काढल्या आणि सातही जण एकाच टेबलाला खांद्याला खांदा लावून बसलो. उठा म्हणायला कुणाला तरी जवळ यावं लागलं असतं. कुणी आलं नाही.